गाडी बंद, मीटिंग चालू

मूर्तिजापूर हे गाव नकाशावर शोधायचे असेल तर आधी रेल्वेची रेघ शोधावी. मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान हे स्टेशन आहे. भुसावळहून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याच स्टेशनातून दोन धाकट्या वाटा फुटल्या. एक उत्तरेला अचलपूरकडे गेली, दुसरी कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळकडे. या वाटांवर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून जी गाडी चालायची, तिला सारा वऱ्हाड मोठ्या लाडाने 'शकुंतला' म्हणतो. आज ती चालत नाही. रुळांमध्ये गवत आहे, गवतात शेळ्या आहेत, आणि पाटीवरचे 'जंक्शन' हे अक्षर मात्र अजून शाबूत आहे.

गाडी बंद पडली, पण तिच्याविषयीची मीटिंग बंद पडलेली नाही. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, स्टेशनापासून जवळच असलेल्या देवळाच्या सभामंडपात निवृत्त रेल्वे कामगार जमतात. त्यांच्या मंडळाला धड पाटीही नाही. एक सतरंजी, एक स्टीलची चहाची किटली, एक लांबट वही आणि वीस-बावीस म्हातारी माणसे एवढाच काय तो सरंजाम. कुणी गँगमन होते, कुणी पॉइंट्समन, कुणी फायरमन, कुणी सिग्नलचे तारखांब सांभाळणारे. एक तिकिटबाबू आहेत, ते अजूनही चष्म्याच्या वरून पाहतात. तीन-चार विधवा बायका येतात. त्या फॅमिली पेन्शनवर आहेत, पण मीटिंगमध्ये बसतात त्या पेन्शनरच्या नव्हे, कामगाराच्या ऐटीत.

या मीटिंगची वही गेल्या वर्षापासून मी लिहिते. त्याचे कारण अगदी साधे आहे. माझे आबाजी अचलपूर लाईनीवर गँगमन होते, पुढे किमन झाले. सरकारी परिपत्रके इंग्रजीत किंवा न समजणाऱ्या हिंदीत येतात, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. तेव्हा "पोरगी बी.ए. करते, तिले इंग्रजी येते" असा ठराव माझ्या गैरहजेरीतच मंजूर झाला! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात जेवढे इंग्रजी येते तेवढे मला येते, हे आपल्या इंग्रजीच्या सरांना ठाऊक आहे. तरीही शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचते आणि ही मंडळी अशी ऐकतात, की वर्गात आपण कधी इतके कान देऊन ऐकत नसू.

मीटिंगचा पहिला विषय नेहमी पेन्शन. बाहेरच्या माणसाला हा विषय रुक्ष वाटेल. पण त्यातला एकेक नियम म्हणजे कुणाच्या तरी घरचे तेल-मीठ आहे. निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसा घेतला असेल, तर पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा चालू होतो. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ होते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट! "म्हंजे सरकारले वाटते, बुढ्यानं शंभर वर्षं जगावं," असे एक आजोबा म्हणाले, तेव्हा दुसऱ्यांनी लगेच उत्तर दिले, "तसं नाई गा. त्याले पक्कं माहीत हाय, कोणी पोचत नाई!" सभामंडप हसून हसून लोटपोट झाला. माझ्या आबाजींनी नुकतीच ऐंशी पुरी केली आहेत. ते हसले नाहीत. त्यांनी हळूच बोटांवर हिशेब केला.

दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. आपण जिवंत आहोत हे माणसाने दरसाल सिद्ध करायचे, ही कल्पनाच मला चमत्कारिक वाटते. आबाजींना एका बँकेत नेले तेव्हा यंत्राने त्यांचा अंगठा ओळखला नाही. चार वेळा टेकवला, चार वेळा नकार. पस्तीस वर्षे पहार आणि खडी हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या आहेत. ज्या कामासाठी पेन्शन मिळते, त्याच कामाने ती घेणाऱ्याची खूण पुसून टाकली होती! शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला झाला. आता मीटिंगमधल्या अकरा जणांचे दाखले मीच तसे काढून देते. प्रत्येकाला सांगावे लागते, "आजोबा, डोळे मिटून उघडा." यंत्राला तेवढाच जीव कळतो.

१७ डिसेंबर हा दिवस ही मंडळी सणासारखा पाळतात. देशभरचे पेन्शनर तो 'पेन्शनर दिन' म्हणून साजरा करतात. १९८२ साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्याचा निकाल दिला. सरकारने पेन्शनचे नवे, चांगले सूत्र आणले होते, पण ते ३१ मार्च १९७९ पासून निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केले. त्याआधी निवृत्त झालेले बाहेर राहिले. नाकारा हे संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीबद्दलचा तो हक्क आहे. आणि केवळ एका तारखेची रेघ ओढून पेन्शनरांचे दोन तुकडे पाडता येणार नाहीत. न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या या निकालाचा गोषवारा मी मराठीत लिहून वाचून दाखवला. मीटिंगमधल्या एक आजी, ज्यांना सही करता येत नाही, त्या मला म्हणाल्या, "'मेहेरबानी नव्हे' हे दोन शब्द मोठे लिव वं माय." मी मोठे लिहिले.

पण तारखांच्या रेघा संपल्या नाहीत. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन उरली नाही. पगारातून वर्गणी कापून ती बाजारात गुंतवायची अशी नवी योजना आली. १ एप्रिल २०२५ पासून त्यांच्यासाठी आणखी एक एकत्रित योजना आली आहे. मीटिंगमधल्या सगळ्यांना जुनी पेन्शन आहे, त्यांचे काही बिघडत नाही. तरीही दर मीटिंगला कुणीतरी विचारतोच, "नव्या पोट्ट्यायचं काय झालं?" स्वतःचे ताट भरलेले असताना शेजारच्या पानाकडे पाहणारी ही माणसे मला फार आवडतात.

दुसरा विषय रेल्वेचा. पूर्वी फेब्रुवारीत रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प मांडला जाई, तेव्हा ही मंडळी रेडिओभोवती बसत. १९२४ पासून चालत आलेली ती पद्धत २०१७ साली बंद झाली आणि रेल्वेचा हिशेब सरकारच्या मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. "आता आपली रेल्वे कोनत्या पानावर हाय तेच सापडत नाई," अशी तिकिटबाबूंची तक्रार असते.

या विषयावर बोलताना त्यांची वये गळून पडतात. किमनचे काम काय असते हे मी पुस्तकात वाचले नाही, इथे ऐकले. किमन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालतो. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. कुठे चावी सैल झाली, कुठे फिशप्लेटचा बोल्ट ढिला झाला, कुठे खडी सरकली, ते पाहून तिथल्या तिथे ठोकायचे. आपल्या अकोल्या-अमरावतीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लोखंड फुगते. फुगायला जागा मिळाली नाही तर अख्खा रूळ सापासारखा वाकतो. म्हणून ज्या दुपारी गावातले कुत्रेही सावली सोडत नाही, त्याच दुपारी रुळावरच्या माणसाला बाहेर पडावे लागते. पावसाळ्यात पुन्हा रात्रीची गस्त. आबाजींनी अशी किती वर्षे काढली! आमच्या घरात मात्र ते एवढेच सांगत, की "लाईनीवर जाऊन येतो."

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्ग सोडून बाजूच्या लूप लाईनीत शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मेली. चौकशीत सिग्नलच्या जोडणीत केलेल्या कामातला दोष पुढे आला. त्याविषयी वही उलटून पाहताना मला आधीच्या लेखनिकाच्या हातची दोन पाने सापडली. सिग्नलवाल्या काकांनी त्या दिवशी तासभर समजावून सांगितले होते. सिग्नलच्या तारेला हात लावायचा तर आधी स्टेशन मास्तरला चिठ्ठी द्यायची, की एवढे अमुक यंत्र आता बंद धरा. काम झाले की एकेक जोडणी तपासायची आणि मगच चालू झाल्याची दुसरी चिठ्ठी द्यायची. "या दोन चिठ्ठ्यायच्या मधात हजार मानसाचा जीव असते," हे त्यांचे वाक्य वहीत जसेच्या तसे आहे. आता टक्कर टाळण्यासाठी 'कवच' नावाची स्वयंचलित यंत्रणा बसवली जात आहे. त्याचे त्यांना कौतुकच आहे. पण त्यांचे म्हणणे असे, की यंत्र बसवले तरी तपासणारा माणूस पुरेसा झोपलेला पाहिजे, आणि त्याला घाई करणारा कुणी नको. हे शहाणपण त्यांच्याकडे चाळीस वर्षांच्या नोकरीतून आले आहे, आणि ते विचारायला कुणी येत नाही. म्हणून ती एकमेकांनाच सांगत बसतात.

तिसरा विषय शकुंतलेचा. हा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. किलिक निक्सन या व्यापारी पेढीने तिचा कारभार पाहिला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनीवर आणून मुंबईला आणि तिथून बोटीने इंग्लंडच्या गिरण्यांना पोचवायचा, हा मूळ हेतू. १९५१ च्या सुमारास देशातल्या रेल्वे सरकारने एकत्र केल्या, तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी भारतीय रेल्वेची आणि रूळ खाजगी कंपनीचा, असा संसार पुढे कित्येक दशके चालला! मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून ती गाडी ओढत होते, ते १५ एप्रिल १९९४ ला थांबले. मग डिझेल आले. यवतमाळचे अंतर ११३ किलोमीटर, अचलपूरचे ७६ च्या आसपास, आणि वेग सायकलवाल्याने ईर्ष्येने गाठावा असा. लखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट अशी स्टेशने घेत ती जायची. तिकीट इतके स्वस्त, की मजुरी करणाऱ्या बाईलाही माहेरी जाताना परवडावे. २०१६ साली हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली, पंधराशे कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत आला. पुढे धाकटी गाडी थांबली आणि मोठी अजून आलेली नाही.

प्रत्येक मीटिंगच्या शेवटी याविषयी एक अर्ज लिहिला जातो. खासदारांना, रेल्वेच्या अधिकाऱ्यांना, कधी दिल्लीला. गेल्या पावसाळ्यातल्या मीटिंगमध्ये तिकिटबाबूंनी वेगळीच सूचना मांडली. ते म्हणाले, "तिसरा विषय आता वहीतून काढून टाका. आपले पेन्शनचे प्रश्न थोडे आहेत काय? अर्ज लिहून लिहून शाई संपली. गाडी काही येणार नाही. ज्याचा उपयोग नाही त्यात वेळ घालवू नका."

सभामंडपात शांतता पसरली. त्यांचे म्हणणे खोटे होते असे कुणालाच म्हणता येईना. एकाने अकोटचे उदाहरण दिले. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या जानेवारीत बंद झाली, लोकांनी आशा सोडली, पण २०२२ च्या नोव्हेंबरात अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेजची गाडी धावली. त्यावर दुसऱ्याने आठवण दिली, की अकोटच्या पुढे मेळघाटचे जंगल आहे, आणि तिथे काम अडले ते अडलेच. पुन्हा शांतता.

मग म्हातारे फायरमन बोलले. १९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात ते होते. हा संप आपल्यापैकी अनेकांनी राज्यशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत वाचला असेल. ८ मे रोजी सुरू झाला, २७ तारखेला मागे घेतला गेला. सुमारे १७ लाख कामगारांचा तो लढा. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते, आणि संप सुरू होण्याआधीच त्यांना अटक झाली होती. आठ तासांचे काम आणि बोनस या त्यातल्या मोठ्या मागण्या. हजारो माणसे तुरुंगात गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टरांतून बायका-मुले बाहेर काढली गेली. संप मोडला. पण १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी काढून टाकलेल्यांना परत घेतले. रेल्वे कामगारांना बोनसही १९७९-८० पासून मिळू लागला. आमचे फायरमन आजोबा अशाच परत आलेल्यांपैकी. मधली तीन वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला.

ते म्हणाले, "तवा आपून गाडी बंद पाडली तर दिल्लीले घाम फुटला. आता गाडी आपोआप बंद हाय. आता आपलं कोन आयकन? आपल्या हाती बंद पाडासारखं काईच नाई रायलं."

हे ऐकून मला वाईट वाटले, कारण त्यात सगळा हिशेब होता. कामगाराची ताकद त्याच्या कामात असते. काम सुटले की ताकदही सुटते. मग ज्याच्याजवळ थांबवायला काही नाही त्याने मागायचे कशाच्या जोरावर? हा प्रश्न काही निवृत्तांपुरता नाही. शिकून नोकरी न लागलेल्या आपल्यासारख्यांचाही तो आहेच.

तेव्हा माझे आबाजी बोलले. ते मीटिंगमध्ये सहसा बोलत नाहीत. "तवा बंद केली ते बी बरी चालावी म्हणूनच केली व्हती नं? मंग आज चालू करा म्हंतो, त्यात नवं काय हाय? मागनं एकच हाय." एवढे बोलून ते गप्प झाले. ज्यांना सही येत नाही त्या आजींनी लगेच पुढे जोडले, "माह्या मालकानं या लाईनीवर जल्म काढला. त्याची पेन्शन मी खातो, अन् लाईनीचं नाव वहीतून काढू? मले नाई जमत." तिकिटबाबूंनी चष्मा पुसला. "तसं असेल तर राहू द्या," ते म्हणाले, "पण अर्जाची भाषा सुधारा." आणि सुधारायलाही तेच बसले!

त्या दिवशीच्या अर्जात मी एक परिच्छेद घालण्याची परवानगी मागितली. आपल्या कॉलेजात अचलपूर लाईनीवरच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली आहेत. सकाळची बस चुकली की त्यांचा दिवस बुडतो, आणि फार दिवस बुडू लागले की घरचे म्हणतात, आता पुरे. माझ्याबरोबर पहिल्या वर्षाला असलेली एक जण यंदा वर्गात नाही. तिच्या गावात स्टेशन आहे. तिथल्या फलाटावर उन्हाळ्यात मिरच्या वाळत घालतात. हे मी लिहिले आणि वाचून दाखवले. फायरमन आजोबा म्हणाले, "हे आमाले सुचलं नसतं. आमी गाडीचा विचार करतो, गाडीत कोन बसते त्याचा नाई."

मला वाटते, या मीटिंगचे मोल अर्जाच्या उत्तरात मोजता येणार नाही. हक्क मिळतो तो एकदा, पण तो मागत राहावा लागतो रोज. जसा रूळ टाकतात एकदा, पण त्यावरून चालत जाऊन चाव्या ठोकाव्या लागतात रोज. मागणे थांबले की त्याच्यावर गवत उगवते. नाकारांचा निकाल लागेपर्यंत पेन्शन म्हणजे मेहेरबानी असे समजणारे पुष्कळ होते. बोनस मिळेपर्यंत बोनस अशक्य होता. शकुंतला परत येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ती हवी आहे असे म्हणणारे कुणीच उरले नाही, तर ती येणार नाही एवढे नक्की.

आजवर त्या अर्जांवर फक्त निवृत्तांच्या सह्या आणि अंगठे असत. या वेळी अर्ज पाठवण्याआधी मी तो कॉलेजात आणला. मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या बाकावर ठेवला आणि लाईनीवरच्या गावांतून येणाऱ्यांना वाचायला दिला. दोन दिवसांत एकेचाळीस सह्या झाल्या, त्यांत दोन प्राध्यापकांच्याही आहेत. पुढच्या रविवारी तो परत नेला तेव्हा तिकिटबाबूंनी सह्या दोनदा मोजल्या आणि वहीत नोंद घ्यायला सांगितले. मी नोंद केली: विषय तिसरा, कायम. अर्जावर एकूण सह्या त्रेसष्ट. त्यांपैकी अजून नोकरीला न लागलेले, एकोणचाळीस.